जॅमच्या बाटलीतला दिवा

आमच्या सातारा भागातल्या जुन्या बायकांना मुलांच्या जन्मतारखा पाठ नसायच्या. थोरला कोयनेच्या भूकंपातला, मधली बहात्तरच्या दुष्काळातली, धाकटा इंदिराबाईंना मारलं त्या दिवाळीनंतरचा, असा त्यांचा हिशेब. ग्रामसेवकाच्या वहीत चूक सापडेल, या हिशेबात नाही.

२०२५च्या एप्रिलमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी टोरांटोच्या स्कारबरो भागात जाऊन राहिले, तेव्हा असाच हिशेब ठेवणारी दुसरी बाई मला भेटली. माझ्या विहीणबाई. त्या श्रीलंकेतल्या जाफन्याच्या, गाव कोकुविल. त्यांची एक भाची लायब्ररी जळाली त्या सालची. १९८१मध्ये जाफन्याच्या सार्वजनिक ग्रंथालयातली सत्त्याण्णव हजारांच्या आसपास पुस्तकं आणि ताडपत्रांवरची हस्तलिखितं जाळली गेली, ते साल. पुतण्या ‘जुलै’चा. १९८३च्या जुलैत जाफन्यात तेरा सैनिक मारले गेले आणि कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं, माणसं पेटवली गेली. तिथून जी यादवी भडकली ती २००९च्या मेपर्यंत चालली. धाकट्या बहिणीला न्हाण आलं ते भारताच्या विमानांनी जाफन्यावर धान्याची पोती टाकली तेव्हा, म्हणजे जून १९८७. आणि माझे जावई ‘मोठ्या स्थलांतरा’चे, १९९५चे.

एवढं ऐकल्यावर मी म्हटलं, सत्त्याऐंशीची एक खूण आमच्याही घरात आहे, आणि ती तुमच्याच गावाची आहे.

माझा दादा तेव्हा पायदळात शिपाई होता. २९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि भारताची शांतिसेना जाफन्यात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या आणि महार रेजिमेंटच्या पलटणी होत्या, त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत बऱ्याच घरांतला पोरगा ‘लंकेत’ होता. दादाची सुरुवातीची पत्रं मोठी मजेची. लोकांनी हार घातले, शहाळी दिली, इथली माती आपल्या कोकणासारखी तांबडी आहे, ताडाची झाडं मोजता येत नाहीत. मग दहा ऑक्टोबरला एलटीटीईशी, म्हणजे ज्यांना सगळे ‘वाघ’ म्हणत त्यांच्याशी, लढाई जुंपली आणि पत्रं बंद झाली.

इकडे वहिनीचे दिवस भरत आलेले. तिची आई आधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याच घरी झालं. नरकचतुर्दशीची पहाट. पुरुषांच्या आंघोळी अंगणात चाललेल्या, बाहेर पोरांचे फटाके, आणि आतल्या खोलीत सुईण. मुलगा झाला. दिवाळीची सुट्टी सरल्यावर वडील तालुक्याला जाऊन तार करून आले. तारेत शब्दाला पैसे, म्हणून ‘मुलगा झाला दोघे खुशाल’ एवढंच. ती छप्पन्न एपीओच्या पत्त्यावरून फिरत फिरत दादाला कधी मिळाली कोण जाणे. पाचवीला आजीनं पाटावर सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवली आणि हात जोडून म्हणाली, “पोराचं लिहिशील तेव्हा त्याच्या बापाचंही दोन अक्षरं बरं लिही गं बाई.” बारसं बापाशिवाय झालं. ट्रान्झिस्टर पाळण्याजवळच ठेवलेला होता. बातम्यांची वेळ झाली की ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ थांबवून बायका ऐकायच्या.

ते सगळं आठवलं की आजही मला गोड वाटतं. तारेचा तो गुलाबी कागद, वहिनीच्या उशाखालची पत्रं, पोस्टमन दिसला की धावणारी आमची आई. आता तार नाही. २०१३च्या जुलैत ती सरकारनं बंद केली. माझी नात जन्मली तेव्हा जावई प्रसूतिकक्षात मुलीचा हात धरून उभे होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर दादा-वहिनी खटाव तालुक्यातल्या आमच्या घरातून बघत होते. नाळ कापायची कात्री डॉक्टरांनी बापाच्या हातात दिली, ते पाहून वहिनीनं तोंडाला पदर लावला. तिच्या पोराच्या बापानं रजेवर आल्यावर पोराला पाहिलं तेव्हा पोरगं रांगत होतं.

नातीला घरी आणायची वेळ आली तेव्हा, गाडीत बाळाची खुर्ची नीट बसवलेली आहे ना, याची सगळ्यांनी खात्री करून घेतली. घरात तापमान दाखवणारी बाटली, श्वास मोजणारा पाळणा, रडण्याचा आवाज फोनवर पोचवणारं यंत्र. विहीणबाई त्या यंत्राकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हिच्या बापाच्या वेळी मूल रडू नये म्हणून देवाला नवस बोलत होतो.”

त्यांचं ‘तेव्हा’ असं: ३० ऑक्टोबर १९९५. श्रीलंकेची फौज जाफना शहराच्या जवळ येऊन ठेपलेली. संध्याकाळी वाघांच्या गाड्या भोंग्यावरून सांगत फिरल्या की सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता गाव सोडायचं. विचारायची सोय नव्हती. पाऊस कोसळत होता. नावट्कुळीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाखो माणसं, सायकली, म्हाताऱ्यांना बसवलेल्या हातगाड्या, शेळ्या. काही किलोमीटरला अख्खी रात्र लागली. विहीणबाई पोटुशी, पाय सुजलेले. नवऱ्यानं सायकलच्या दांडीवर बसवून सायकल हातानं ढकलत नेली. तहान लागली की लोक छत्र्या उलट्या धरून पाणी साठवत होते.

चावकच्चेरीला एका शाळेत जागा मिळाली. तिथंच काही दिवसांनी वर्गातली बाकं जोडून बाळंतपण झालं. सासऱ्यांचं पांढरं वेष्टी, म्हणजे धोतर, फाडून लंगोट केले. बाहेर पुरुष पाठ करून उभे, आत सुईण, आणि उजेडाला जॅमची बाटली.

या बाटलीबद्दल त्या फार प्रेमानं बोलतात. १९९०पासून जाफन्याला जाणाऱ्या मालावर सरकारची बंदी होती. पेट्रोल, डिझेल, सिमेंट, खत, टॉर्चचे सेल, काहीच सरळ येत नव्हतं. वीज गेली ती गेलीच. रॉकेल थेंबाथेंबानं मिळायचं. मग लोकांनी जॅमच्या रिकाम्या बाटलीत तळाला कापूस आणि थोडं रॉकेल घालून, वात लावून दिवे केले. काचेमुळे वारा लागत नाही आणि तेल उशिरा संपतं. मुलांनी त्याच उजेडात बारावीचा अभ्यास केला आणि पुढे इंजिनिअर, डॉक्टर झाली. मोटरसायकल रॉकेलवर चालायची. चालू व्हावी म्हणून आधी पेट्रोलचे दोन थेंब पाजायचे. रेडिओ लावायचा तर सायकल उलटी करून एकानं पायडल मारायचं, डायनॅमोच्या विजेवर बाकी गल्ली बीबीसीची तमिळ सेवा ऐकायची. साखर नव्हती तर ताडाच्या गुळाचा खडा तोंडात धरून बिनसाखरेचा चहा. “लोक एकमेकांचे होते,” त्या म्हणतात. “एकाकडे मासा आला की तीन घरांत वास आणि तीन घरांत कालवण. आता इथं तिघांकडे तीन फ्रीजर आहेत आणि शेजारी कोण राहतं ते माहीत नाही.”

मी मान डोलावत होते. माझंही तेच म्हणणं. तेव्हाची बाळंतपणं, तेव्हाची माणसं.

स्वयंपाकघरात तर आमची दोघींची युती झाली. मी डिंकाचे लाडू, आळीव, खारीक, ओवा, बाळंतशेपा असं नेलं होतं, सामानाचं अर्धं वजन त्यातच गेलं. त्यांच्याकडे बाळंतिणीसाठी ‘सरक्कु’ नावाचं कालवण असतं: धणे, जिरं, मिरी, हळद, लसूण वाटून, मिरची बेतानं. दूध यावं म्हणून लहान मुशी कुस्करून केलेला पुट्टु. माझ्या कोकणातल्या मैत्रिणींच्या घरीही बाळंतिणीला मोरी मासा देतात, हे सांगितल्यावर त्यांनी मला मनापासून आपलं मानलं. धुरीवरून मात्र दोघींची फजिती झाली. माझा ओवा, त्यांची सांबराणी, दोन्ही एकदम निखाऱ्यावर टाकलं आणि छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळायला लागला. बाळ शांत झोपलेलं, आम्ही दोघी टॉवेल घेऊन छताकडे उड्या मारतोय. बारसं मी बाराव्या दिवशी उरकलं. त्यांचं ‘तुडक्कु’, म्हणजे सोयर, एकतिसाव्या दिवशी सरतं, तोवर त्यांचे नातलग आले नाहीत. नातीला दोन्हीकडून मिरवता आलं.

एक दिवस अशाच आमच्या गप्पा रंगल्या होत्या. जावई बाळाला खांद्यावर टाकून ढेकर काढत फिरत होते. आईचं ‘तेव्हा किती छान’ ऐकून ते थांबले.

“अम्मा,” ते म्हणाले, “दिव्याचं सांगतेस, रॉकेल का नव्हतं तेही सांगत जा. आणि गल्लीत सगळे एकमेकांचे होते म्हणतेस, तर त्या गल्लीत शेवटी मुसलमान का उरले नव्हते?”

विहीणबाई गप्प झाल्या. मग सांगायला लागल्या. त्यांच्या घरासाठी शिवणारे शिंपी मुसलमान होते. त्यांच्या लग्नातली पोलकी त्यांनीच शिवलेली. १९९०च्या ऑक्टोबरमध्ये वाघांनी उत्तर भागातल्या सगळ्या मुसलमानांना हाकललं. जाफन्यात तर दोन तासांची मुदत. दागिने, पैसे, कपडे, सगळं तिथंच ठेवून माणसं गेली. तो दिवसही तीस ऑक्टोबरच होता. बरोब्बर पाच वर्षांनी त्याच तारखेला तमिळांवर रस्त्यावर यायची पाळी आली. “आम्ही दारात उभं राहून बघत होतो,” त्या म्हणाल्या. “कुणी काही बोललं नाही. बोलणाऱ्यांचं काय होतं ते माहीत होतं.”

मग जावयांनी माझ्याकडे पाहिलं. फार आदरानं बोलतात ते, पण प्रश्न सोडत नाहीत. “आई, मामांचं पत्र, तार, सगळं ऐकलं. त्या दिवाळीत जाफन्यात काय झालं ते तुमच्या घरी कधी कुणी बोललं का?”

नव्हतं बोललं. माझा भाचा जन्मला त्या दिवशी, २१ ऑक्टोबर १९८७ला, जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात भारतीय सैनिक शिरले. आतून वाघांनी गोळ्या झाडल्या असं लष्कराचं म्हणणं होतं. दोन दिवसांत डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठएक माणसं मारली गेली. विहीणबाई तेव्हा मुलगीच होत्या. कोकुविलवर तोफगोळे पडत होते म्हणून त्यांचं कुटुंब नल्लूरच्या कंदस्वामी देवळात हजारो लोकांबरोबर आसऱ्याला बसलं होतं. रुग्णालयाची बातमी त्यांना देवळाच्या ओवरीत कळली. आमच्या गावी पोचलं ते दुसरंच. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळालं. मुंबईत जन्मलेला तो तमिळ अधिकारी. शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान गेले. त्यांची नावं आम्हाला माहीत होती, त्यांची घरं माहीत होती. रुग्णालयातल्या मेलेल्यांची नावं विहीणबाईंना माहीत होती. अठ्ठावीस महिन्यांहून जास्त काळ चाललेल्या त्या लढाईनंतर १९९०च्या मार्चमध्ये फौज परतली, दादा परतला, आणि आमच्या घरानं तो विषय ‘सुखरूप आला’ या दोन शब्दांवर मिटवला.

मला वाटतं, गतकाळाची ओढ ही काही खोटी नसते. जॅमच्या बाटलीचा दिवा खराच होता, तीन घरांतलं कालवण खरंच होतं, पोस्टमनकडे धावणारी आईही खरीच. पण आपण आठवणी सांगताना त्यातलं जे आपल्याला शोभतं ते ठेवतो. विहीणबाईंच्या गोष्टीतून शिंपी गळाले होते. माझ्या गोष्टीतून रुग्णालय कधी आलंच नव्हतं. आम्ही दोघी युद्ध आठवत होतो असं आम्हाला वाटत होतं. खरं तर आम्ही आपापलं तारुण्य आठवत होतो. युद्ध आठवायचं काम त्या मुलाकडे आलं होतं ज्याला त्यातलं काहीच आठवत नाही.

मे महिन्यात हे काम घरभर पसरलं. दहा मेला शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरातल्या एका बागेत तमिळांच्या संहाराचं स्मारक उभं राहिलं. जाफना विद्यापीठातलं स्मारक २०२१च्या जानेवारीत रात्रीतून पाडलं होतं, आणि विद्यार्थी उपोषणाला बसल्यावर पुन्हा बांधावं लागलं. दोन्ही स्मारकांच्या बातम्या तिथं सगळ्यांच्या तोंडी. आणि अठरा मेला विहीणबाईंनी सकाळी आळिवाच्या खिरीचं पातेलं बाजूला सरकवून दुसरं पातेलं चढवलं. तांदूळ, पाणी, मीठ. बास. २००९मध्ये मुळ्ळिवाय्क्काल नावाच्या किनारपट्टीच्या चिंचोळ्या तुकड्यात लाखो लोक अडकले होते. मागे वाघ, जे जाऊ देत नव्हते आणि घरटी एक मूल लढायला ओढून नेत होते. पुढे फौज, जिचे गोळे तिनंच जाहीर केलेल्या सुरक्षित पट्ट्यात पडत होते. त्या दिवसांत लोकांना मिळेल तेव्हा हीच कांजी मिळत होती. शेवटच्या काही महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत सामान्य माणसं मेली असावीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११च्या अहवालात म्हटलं. म्हणून दर अठरा मेला तमिळ घरांत आणि रस्त्यांवर ती कांजी वाटतात.

विहीणबाईंची धाकटी बहीण, तीच न्हाण आलेली, त्या पट्ट्यात होती. ती वाचली आणि आता स्कारबरोतच असते. कांजी प्यायला आली तेव्हा मी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. माझ्या आईच्या, वहिनीच्या, माझ्या जुन्या मऊ लुगड्या-साड्यांची दुपटी. हातानं धावदोरा घालून मीच शिवलेली. तिनं एक उचललं, टाके बघितले आणि म्हणाली, “आम्हीही साड्या अशाच शिवायचो.” मला वाटलं बाळांसाठी. ती म्हणाली, वाळूसाठी. बंकरवर रचायला पोती मिळत नव्हती, तेव्हा बायकांनी साड्या कापून पिशव्या शिवल्या आणि वाळूनं भरल्या. आधी रोजच्या, मग सणाच्या, शेवटी लग्नातला कांजीवरम. रेशमाची पिशवी चांगली टिकते, तिनं मला माहिती दिली. मग दुपट्याची घडी माझ्यापेक्षा नीट घालून ठेवली.

तिच्या बोलण्यात ‘तेव्हा किती छान’ अजिबात नव्हतं. १९९५च्या आठवणींना तीस वर्षांनी साय धरली आहे. २००९च्या आठवणींना अजून नाही.

त्याच संध्याकाळी मी दादाला व्हिडिओवर बोलावलं. बारशाला विहीणबाईंशी त्याचं नमस्कार-चमत्कारापुरतं झालं होतं. या वेळी तिकडे पहाट होती, तो अंगणात चहा घेऊन बसला होता. मी म्हटलं, दादा, यांचं गाव कोकुविल. त्यानं कप खाली ठेवला. आम्हाला वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, “ताडाच्या झावळ्यांची कुंपणं. उंच. पलीकडचं काही दिसायचं नाही. आम्हाला त्या कुंपणांची भीती वाटायची.” विहीणबाई म्हणाल्या, “कुंपणाच्या आत आम्ही होतो.” मुलगी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती, पण हे वाक्य तिला उलटून सांगावं लागलं नाही, दादाला जाफन्यात शिकलेली तेवढी तमिळ अजून समजते. एका घरातल्या म्हातारीनं विहिरीचं पाणी काढून त्याच्या तुकडीला पाजलं होतं, हे त्यानं सांगितलं. लढाई सुरू होण्याआधीची गोष्ट. नंतर त्या गल्लीत काय झालं, तेही सांगितलं. ते इथं लिहायचं की नाही हे मी त्याच्यावर सोडलं आहे. पण त्यानं ते प्रथमच सांगितलं, आणि वहिनी शेजारी बसून ऐकत होती.

विहीणबाईंनी शेवटी एवढंच मागितलं: “नातीला सांगाल तेव्हा दोन्ही सांगा. पाण्याचंही, पुढचंही.” दादा म्हणाला, “तुम्हीही शिंप्यांचं सांगा.” म्हणजे जावयांनी त्याला आधीच पढवून ठेवलं होतं.

मी गावी परतले. आता नातीला पहिला दात आलाय. जाफन्याच्या पद्धतीत यावेळी बाळाच्या डोक्यावर कोळुकट्टै ओततात: तांदळाच्या पिठाची वाफवलेली, सारण भरलेली, खोबऱ्याचे दातासारखे तुकडे खोचलेली. आमच्याकडे पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. त्यांचा पोंगल आणि आपली संक्रांत एकाच सुमारास, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करायचं ठरलं आहे. हलव्याचे दागिने मी कुरिअरनं पाठवलेत, बोरांऐवजी तिकडे द्राक्षं चालवून घेणार आहेत. पुढ्यात ताटात काय काय ठेवायचं, ज्यातून बाळ एक उचलतं, यावर रोज फोन चालू आहेत. विहीणबाईंच्या यादीत पुस्तक, पेन, सोनं. मी त्यात सटवाईसारखा कोरा कागद घातलाय. जावयांनी आम्हा दोघींना एकच अट घातली आहे. पाहुण्यांसमोर जुन्या गोष्टी सांगायच्या तर अख्ख्या सांगायच्या, नाहीतर कोळुकट्टै वाढायची आणि गप्प बसायचं.